वाचनालयाच्या माळ्यावरच्या सतरंज्या : यातली जेलची कोणती?

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, शंभरी केव्हाच उलटलेलं. सभागृहाची शहाबादी फरशी काढून टाइल्स बसवायचं ठरलं आणि माळा रिकामा करावा लागला. खाली आला तो सतरंज्यांचा ढीग. व्याख्यानमाला, कीर्तनं, हळदीकुंकू, निवडणुकीच्या सभा, सगळं या ढिगावर बसून झालेलं. कार्यवाहांनी त्याचे फोटो व्हॉट्सॅपवर टाकले. ते फिरत फिरत मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यापर्यंत पोचले आणि लगेच निरोप आला: निळी-पांढरी, चांदण्यांची मोठी सतरंजी ही 'जेल दरी', म्हणजे तुरुंगात विणलेली सतरंजी आहे, शंभर वर्षांची तरी असेल, तिचे चांगले पैसे देतो, बाकीच्या भंगाराच्या भावात उचलतो.

कार्यकारी मंडळात दोन तट पडले. टाइल्सचा खर्च डोळ्यांसमोर असलेले म्हणाले, देऊन टाका. दुसरे म्हणाले, एकीला एवढा भाव असेल तर बाकीच्यांत काय दडलंय ते आधी बघा. मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर. व्यापारी म्हणतो ते खरं का आणि उरलेल्या सतरंज्या नेमक्या कुठल्या प्रकारातल्या, एवढंच सांगायचं होतं. किंमत काढणं माझ्याकडे नव्हतं आणि ते मी करतही नाही.

'जेल' या शब्दाला या बाजारात एवढं वजन का, ते आधी सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिश अमदानीत, तुरुंगांतून गालिचे आणि सतरंज्या विणून घेतल्या जाऊ लागल्या. आग्रा, लाहोर, बिकानेर, जयपूर, आपल्याकडे येरवडा ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. विजापूरच्या आसार महालातल्या आदिलशाही काळातल्या गालिच्यांवरून येरवड्यात नकला उतरवल्या गेल्या. कैद्याच्या वेळेला किंमत नव्हती, मजुरी नसल्यात जमा, आणि चार-सहा माणसं एका ओळीत बसतील एवढे रुंद माग उभारायला जागा होती. साहजिकच दरबारी दालन भरून टाकतील अशा, घट्ट ठोकलेल्या सुती सतरंज्या तिथून बाहेर पडल्या. गेल्या चाळीसेक वर्षांत परदेशी संग्राहकांना त्यांची गोडी लागली, आणि तेव्हापासून जुनी दिसणारी, निळी-पांढरी, जरा मोठी अशी कुठलीही सतरंजी बाजारात 'जेलची' होऊन बसते. ती ओळख पटवून लावलेली चिठ्ठी असेलच असं नाही. बऱ्याचदा ती नुसती किमतीची पट्टी असते.

माझा क्रम ठरलेला आहे: नक्षी शेवटी. नक्षी प्रवास करते. चांदणी, मेहराब, मोर, सारीपाट हे कुणीही कुणाचंही बघून उचलतं. कागदावर काढून हजार मैलांवरच्या विणकराला देता येतं. माग कुठल्या जातीचा होता, रंग कसा बदलला, कडेला धागा कसा वळला, या गोष्टी विणणाऱ्याच्या हातात आणि लाकडात असतात. त्या सहसा चोरल्या जात नाहीत, कारण त्यांच्याकडे गिऱ्हाईक बघतच नाही.

वाचनालयाच्या मागच्या अंगणात सगळ्या सतरंज्या उन्हात अंथरल्या, त्याही उलट्या. शिपाई तात्या म्हणाले, "सुलट्या टाकू का?" म्हटलं, नको, आधी पाठच बघू.

पहिली विभागणी ताण्यावरून, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांवरून. खऱ्या सतरंजीच्या विणीत ताणा जाड, ताठ आणि अंतराअंतरावर असतो. बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकून ठोकून इतका दाट बसवतात की ताणा पूर्ण झाकला जातो. हात फिरवला की आतल्या ताण्याचे उंचवटे बोटाला लागतात, दिसत मात्र नाहीत. दिसतो तो सगळा रंग बाण्याचा. त्यामुळे पट्टे असतील तर ते आडवे, दशा, म्हणजे ताण्याची सुटी टोकं, असलेल्या बाजूला समांतर असतात. ज्या सतरंजीत पट्टे एका दशेपासून दुसऱ्या दशेपर्यंत उभे धावतात, तिथे रंग ताण्याने दिलेला असतो. ती वीण भराभर निघते, हलकी होते, स्वस्त पडते. ढिगातल्या बहुतेक सतरंज्या या दुसऱ्या जातीच्या निघाल्या. लग्नाच्या मांडवात टाकतात तशा. त्या बाजूला गेल्या. त्यांच्याबरोबर एक सोलापुरी चादर, एक चिंध्यांची दरी आणि छापील जाजमाचा फाटका तुकडा. जाजम हे ठसे मारलेलं कापड, त्यात विणीची नक्षी शोधण्यात अर्थ नाही.

उरल्या चार: व्यापाऱ्याची निळी-पांढरी, एक मोठी विटकरी-काळ्या पट्ट्यांची, एक लहान मोरांची आणि एक गुलाबी-हिरवी, पोपट-हरणांची.

निळीचा निकाल तिच्या पाठीने दिला. सुलट्या बाजूला निळ्यावर पांढऱ्या चांदण्या होत्या. उलटवल्यावर पांढऱ्यावर निळ्या. हाताने भरणी केलेल्या सतरंजीत असं होऊच शकत नाही. तिथे विणकर प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच नेतो आणि परत फिरवतो. पांढरी चांदणी ही दोन्ही बाजूंनी पांढरीच असते. रंगांची अदलाबदल होते ती निळा आणि पांढरा असे दोन्ही बाणे मागाच्या पूर्ण रुंदीत एकदमच धावतात तेव्हा. एक वर दिसतो, दुसरा खाली दडतो. हे काम जॅकार्ड किंवा डॉबी, म्हणजे नक्षीप्रमाणे ताणे उचलणारं यंत्र, लावलेला माग करतो. सोलापुरी चादरीच्या दोन बाजू एकमेकींच्या उलट रंगाच्या का असतात, त्याचं मूळही असंच दोन रंगांच्या अदलाबदलीत आहे, फरक इतकाच की चादर दुहेरी थरांचं कापड असते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण मंडळातल्या विक्रीवाल्यांना आणखी हवं होतं. लांबीच्या दोन्ही कडांना पांढरी सुती पट्टी मशीनने शिवलेली होती. कार्यवाहांच्या परवानगीने तिची चार बोटं शिवण उसवली. आत बाण्याची टोकं कात्रीने कापल्यासारखी सुटी. बाण्याची ने-आण करणाऱ्या धोट्याने विणलेल्या कापडात धागा कडेला वळून परत आत येतो, तो कापलेला राहत नाही. म्हणजे एक तर हा बिनधोट्याच्या यंत्रमागाचा माल, किंवा मोठ्या थानातून कापून काढलेला तुकडा; आणि कापून काढायची वेळ जेलच्या सतरंजीवर येत नाही. मग नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणून खोलीचे दरवाजे लावले. पांढरं सूत निळसर चमकलं. ही चमक सुताला उजळपणा आणणाऱ्या रसायनाची; ती रसायनं वापरात रुळली दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला आणि त्यानंतर. अर्थात कपडे धुवायच्या पावडरमध्येही तीच असतात, त्यामुळे जुनं कापड नव्या पावडरमध्ये भिजवलं की तेही चमकतं. म्हणून या पुराव्याला मी कधी पहिला नंबर देत नाही. इथे तो पाठीच्या आणि कडेच्या मागून आलेला तिसरा साक्षीदार होता.

व्यापाऱ्याने 'अस्सल नैसर्गिक नीळ' असंही लिहिलं होतं. हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. कारखान्यातली नीळ १८९७ पासून बाजारात आली, आणि तिच्यातला रंगद्रव्याचा रेणू झाडाच्या निळीतला तोच. डोळ्यांनी फरक कळत नाही. फोटोवरून तर मुळीच नाही. शिवाय या सतरंजीच्या निळ्या भागावर ओला पांढरा रुमाल दाबून धरला तर रुमाल कोरा राहिला आणि कोरडा घासला तरी कोराच. निळीने रंगवलेलं जाड सूत घासल्यावर सहसा थोडा तरी निळा डाग सोडतं.

आता विटकरी. ही एका घडीत मावत नव्हती, तिघांनी मिळून उलगडली. सुमारे सतरा फूट चार इंच लांब, अकरा फूट दहा इंच रुंद, मधे कुठेही जोड नाही. नक्षी काहीच नाही: विटकरी, काळपट आणि मळक्या पांढऱ्याचे आडवे पट्टे. व्यापाऱ्याने ती फोटोत पाहिली होती आणि भंगारात टाकली होती. त्याला दोष देता येत नाही. पट्ट्यांना चेहरा नसतो. तमिळनाडूतल्या भवानी गावची सतरंजी, जमक्काळम्, पट्ट्यांची, आपल्या गावोगावच्या मागांवरच्या सतरंज्या पट्ट्यांच्या. नुसत्या पट्ट्यांवरून गाव सांगणाऱ्या माणसाचं पुढचं बोलणं ऐकू नये.

म्हणून मोजायला बसले. भिंग, इंचाची पट्टी आणि सुई. ताणे सगळीकडे सारखे, इंचाला नऊ. बाण्याचे फेरे मात्र सारखे नव्हते. डाव्या कडेजवळ इंचाला चव्वेचाळीस, मधल्या भागात अडतीसच्या आसपास, उजवीकडे पुन्हा एकेचाळीस-बेचाळीस. एकाच पट्ट्यावर, एकाच रेषेत. पट्टा त्यामुळे मधे किंचित फुगला होता, नजर खाली नेऊन तिरपं बघितलं तर दिसायचं. हा फरक कशाने पडतो? मागाला पूर्ण रुंदीची फणी असेल तर तिचा एकच ठोका सगळ्या बाण्यावर सारखा बसतो, दाटी सगळीकडे एकच येते. हातात धरायच्या लोखंडी पंजाने ठोकलं तर जितके हात तितके ठोके. बारा फुटी मागावर किमान तीन माणसं शेजारी शेजारी बसली होती, आणि डावीकडच्याचा हात जड होता. बाणा एकाकडून दुसऱ्याच्या हातात जात होता, ठोकत मात्र प्रत्येक जण आपल्यापुरतं.

सूत गिरणीचं. बाणा उलगडून पाहिला तर जाडी एकसारखी, गाठीगुठळ्या नाहीत. ताण्याला अनेक पदर एकत्र पिळलेले. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली, तेव्हा या पुराव्याने आपण फार तर 'त्यानंतरची' एवढंच म्हणू शकतो. पांढरा पट्टा टॉर्चखाली मंदच राहिला. विटकरी रंग वरून उडालेला, पण धागा सुईने बाजूला केला की आत गडद. उन्हाने उडालाय, पाण्याने फुटलेला नाही.

घरी किंवा गावच्या छोट्या मागावर बारा फूट रुंदीची अखंड सतरंजी विणत नाहीत. एवढ्या रुंदीचा माग, तीन-चार माणसं, आणि पंजाने ठोकायची चैन: हे तुरुंगाला जमेल, मोठ्या कारखान्याला जमेल. वस्तू यापुढे बोलत नव्हती. मी कार्यवाहांना विचारलं, जडवस्तूंची जुनी नोंदवही आहे का? ती होती, ग्रंथपालांच्या कपाटात, वर्गणीच्या पावती-पुस्तकांखाली. कागद तुटत होता, म्हणून पानं पट्टीने उलटली. १९३१ सालच्या पानावर एका ओळीत: 'सतरंजी, जेल, तांबडे पट्ट्याची, १८ × १२ फूट, नग १.' धुण्याने आणि वापराने सूत आटतं, तेव्हा आजची मापं या आकड्याला चोख बसतात. त्याच वहीच्या नंतरच्या भागात १९९८ च्या व्याख्यानमालेच्या खर्चात 'सतरंजी निळी, चांदणीची, नग १' अशी नोंद सापडली. तिचं वय तिथेच मिटलं.

कार्यवाह खुशीत म्हणाले, "मग पाटीवर येरवडा लिहूया." नोंदीत 'जेल' आहे, कुठला जेल ते नाही. पुणे जवळ म्हणून येरवडा असणार हा अंदाज वाजवी आहे, पण सातारा भागात विकायला आलेला माल त्या काळात विजापूरहूनही येऊ शकत होता. तेही तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. पाटीवर 'तुरुंगात विणलेली, १९३१ पूर्वी' एवढंच जाईल असं मी म्हटलं. मंडळाचा थोडा हिरमोड झाला.

मोरांची सतरंजी लहान, साधारण पाच फूट बाय तीन फूट. तांबडा, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा. चार कोपऱ्यांत मोर, मधे सारीपाट. तात्या लगेच म्हणाले, "हा जमखाना. सरस्वतीच्या फोटोखाली असायचा." मोर आणि सारीपाट एकत्र दिसले की मनात पहिलं नाव येतं ते नवलगुंदचं. धारवाड जिल्ह्यातलं हे गाव. तिथे मुस्लीम घरांतल्या बायका उभ्या मागावर सुती जमखाने विणतात. पाहुण्यांसाठी जमखाना, नमाजासाठी जायनमाज आणि वापरायचं गुद्दर असे प्रकार. २०११ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. धारवाड जिल्हाही १९५६ पर्यंत मराठी मुलखाशी एकाच राज्यात होता, तेव्हा जमखाना इथवर येणं नवलाचं नाही.

पण नक्षी शेवटी, हा नियम आवडत्या वस्तूलाही लागू करावा लागतो. पाठ आणि पोट एकसारखं, म्हणजे हाताची भरणी. रंग जिथे उभ्या रेषेवर बदलतो तिथे भिंग धरलं: दोन्ही रंगांचे धागे मधल्या एकाच ताण्याभोवती आळीपाळीने वळलेले, त्यामुळे सांध्यावर करवतीचे दाते दिसत होते. हा सांधा ताकदीचा. किलीम नावाच्या लोकरी सतरंजीत असते तशी दोन रंगांमधे फट सोडली तर सुती विणीत ती पायाखाली फाटत जाते. म्हणून सतरंजीवाले एक तर असे दाते धरतात, नाहीतर दोन धागे एकमेकांत अडकवतात, किंवा नक्षीच तिरप्या पायऱ्यांची करतात म्हणजे मोठी फट पडतच नाही. तिन्ही युक्त्या देशभर सापडतात. सांध्याने हातमागाची भरणी सिद्ध झाली, गाव नाही.

मग सारीपाटाची घरं मोजली. पटाच्या प्रत्येक फाट्याला आठ-आठ घरांच्या तीन ओळी लागतात. खालच्या फाट्याला आठ घरं, ऐसपैस. आडव्या दोन्ही फाट्यांना आठ. वरच्या फाट्याला सात, आणि तीही चेपलेली. विणणारी खालून वर येत गेली, आणि वरच्या किनारीला जागा उरावी म्हणून एक घर तिने खाल्लं. वरच्या दोन मोरांच्या पिसाऱ्यालाही हीच अडचण आली आहे. खालच्या मोरांना पाच पिसं, वरच्यांना चार. समोर चौकटीच्या कागदावर नक्शा असता तर दोन्ही टोकं जुळली असती. हे आठवणीतून विणलेलं काम आहे, मापाचा अंदाज हाताला असलेल्या पण मोजणीच्या फंदात न पडणाऱ्या बाईचं. मला विचाराल तर सगळ्या ढिगात हीच सतरंजी सर्वांत देखणी, आणि ती त्या सातव्या घरामुळे. कारखान्यात किंवा तुरुंगात नक्शा धरून होणारं काम असं चुकत नाही.

म्हणून नवलगुंदकडे कल झुकतो. तरी पाटीवर 'नवलगुंद पद्धतीचा जमखाना, बहुधा' असंच राहील. नोंदवहीत या सतरंजीची ओळ नाही.

चौथी, पोपट-हरणांची, मात्र पाच मिनिटांत उलगडली. सूत हातचं: एकाच बाण्यात जाड-बारीक, मधेच गुठळी. गुलाबी रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरलेला, थोड्याशा ओल्या बोटालाही लागला. आणि एका टोकाला गुरुमुखी अक्षरं विणलेली, कुणाचं तरी नाव. पंजाब-हरियाणाच्या खेड्यांतून मुली-बायका अशी पंजा दरी जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर विणत, बरीचशी हुंड्यात द्यायला. पोपट, हरणं, नाव घालायची रीत तिथलीच. या दरीला दोन्ही बाजू सारख्याच, पण अक्षरं एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने आरशातल्यासारखी उलटी दिसतात. विणणारीने सुलटी कोणती मानली ते अशा दरीत अक्षरंच सांगतात; वाचनालयात ती इतकी वर्षं उलटी अंथरली जात होती. नोंदवहीत 'सुभेदार यांजकडून भेट, अंबाल्याहून' असं आहे. आमचा सातारा पलटणीतल्या माणसांचा जिल्हा, त्यामुळे कोडं पडायचं कारणच नव्हतं.

अहवाल दोन पानांत दिला. व्यापाऱ्याला निळीच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले तेव्हा त्याने आधीचा भाव मागे घेतला आणि त्याच संध्याकाळी विटकरीच्या पट्ट्यांचे जवळून फोटो मागवले. त्याने खोटं बोलून फसवलं असं मला वाटत नाही. फोटोत निळी खरंच जुनी दिसते, सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या धुळीने तिचं काम चोख केलं होतं. मंडळाने विटकरी, मोरांची आणि पोपटांची अशा तीन ठेवून घ्यायचं ठरवलं. निळी नव्या टाइल्सवर व्याख्यानमालेला अंथरली जाणार आहे, आणि त्या कामाला ती चांगली आहे. उभ्या पट्ट्यांच्या सतरंज्या गावातल्या बालवाडीला गेल्या.

ठेवणीबद्दल एवढंच सांगितलं: घडी घालायची नाही, प्लॅस्टिकच्या पाइपवर जुनं धुतलेलं सुती कापड गुंडाळून त्यावर गुंडाळायच्या, दशा पसरून, माळ्यावर परत टाकायच्या नाहीत, कारण सुताला कसर फारशी लागत नसली तरी उंदीर आणि ओल दोन्ही लागतात. पोपटांची दरी कुणीही धुवायला काढायची नाही, नाहीतर गुलाबी रंग उरलेलं पांढरंही खाईल. विटकरीची डावी कड एका जागी उसवली आहे. तिथे सुती दोऱ्याने ताणे धरून ठेवायला हवेत, रंग जुळवून नवा बाणा भरायला नको.

मंडळातल्या एक सभासद बाई दर दिवाळीला मुलीकडे हुबळीला जातात. तिथून नवलगुंद तासाभराच्या अंतरावर आहे. जमखान्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, सांध्याचा भिंगातून काढलेला फोटो आणि घरांची मोजणी असलेला कागद त्यांच्याकडे दिला आहे. तिथल्या जुन्या विणकर बायकांना आधी सांधा दाखवायचा आणि मोर नंतर, असं त्यांना बजावून ठेवलं आहे.